वाकळांची पैज

“हा रस्ता खरवडला गेला ना, तर तुमच्या गल्लीतल्या सगळ्या ओल्या वाकळा मी स्वतः धुवून देईन. चौकातल्या नळावर बसून.”

टोणगे साहेब हे बोलले तेव्हा त्यांच्या तोंडात पान होतं आणि नाकावर रुमाल. पान सिकंदर तांबोळ्याच्या टपरीवरचं. रुमाल आमच्या गल्लीमुळं.

दुपारी एक सर येऊन गेली होती. तेवढी पुरायची. गटार पुढं जायची सोडून मागं फिरायची आणि उंबऱ्यावरनं सरळ घरात. काळं, तेलकट पाणी, वर साबणाचा फेस, आणि फेसावर तरंगणारं काय काय. त्यातलं कुणाच्या घरचं काय हे ओळखू यायचं, म्हणून बघायचं कुणीच नाही. टपरीच्या समोरच्या घरात द्रौपदाकाकू लुगडं खोचून परातीनं ते पाणी उपसत होत्या आणि रस्त्यावर फेकत होत्या. रस्ता ते परत त्यांच्या घरात पाठवत होता. रस्ता वर, घर खाली, पाण्यानं जावं कुठं?

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण अजून ते पाणी आठवलं की मला हात धुवावेसे वाटतात.

आमचं गाव पिंपळवेढं. गल्लीचं कागदावरचं नाव कै. दादासाहेब खडतरे मार्ग. तोंडातलं नाव गटारगल्ली. मी तिथला मधू मंडपवाला. लग्न असो, मयत असो, मंत्री असो, बांबू माझाच. आणि टोणगे साहेब म्हणजे नगरपालिकेच्या बांधकाम खात्याचे इंजिनियर. गावातले रस्ते, गटारी, पूल, संडास, सगळं त्यांच्या हाताखाली. राहायला आमच्याच गल्लीत, पण माडीवर. माडीवर पाणी चढत नाही.

खातं चालवायची साहेबांची एक पद्धत होती. रस्ता खराब झाला की त्यावर डांबराचा नवा थर. तो खराब झाला की त्यावर आणखी एक. जुना कधी काढायचा नाही. घरात पोर वाढतं तसा आमचा रस्ता वाढत होता. द्रौपदाकाकू नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा पायऱ्या चढून घरात गेल्या होत्या. आता त्यांना घरात उतरावं लागायचं. गटारीवरची चेंबरची झाकणंसुद्धा ह्या थरांखाली कधीच गडप झाली होती. तुंबलेलं चेंबर उघडायचं तर आधी ते कुठं आहे हे कळायला पाहिजे, आणि कळायला रस्ता उकरायला पाहिजे. अर्ज केला तर साहेब त्यावर ‘पाहणी करावी’ असं लिहायचे. पाहणी माडीच्या गॅलरीतनं व्हायची. पाहणी झाली की पिचकन खाली पिंक. खात्याची आमच्या गल्लीतली रोजची कामगिरी म्हणजे तेवढीच.

तर त्या दिवशी काकू परात हातात तशीच घेऊन टपरीपाशी आल्या.

“सायेब, नवा थर टाकनार हाय म्हनं.”

“टाकणार की. दादासाहेबांची पुण्यतिथी आहे. यंदा कार्यक्रम इथंच, चौकात. रस्ता आरशासारखा करतो.”

“जुना खरवडून टाका मग. न्हाईतर माझं दार निम्मं बुजतंय.”

“काकू, रस्त्याला थर देतात, काढत नाहीत. खरवडण्याची इस्टिमेटमध्ये तरतूदच नसते.” साहेबांनी रुमाल जरा दाबला. “तुम्ही उंबरा उंच करून घ्या.”

“उंबरा उंच केला तर मानसानं घरात रांगत जायाचं का?”

“तांत्रिकदृष्ट्या तसं काही नाही.”

काकूंनी परात कमरेला टेकवली. त्यांच्या पोरीला, वैजूला, सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. पोरीला आणायच्या आधी तिची सासू घर बघायला म्हणून मागच्या सरीच्या दिवशीच येऊन गेली होती. दारातनं आत पाय टाकला आणि पाय बुडला. वरनं पैंजणाएवढा काळा वळ. सासूनं पाय झटकला, नळावर जाऊन धुतला, चहाला हात लावला नाही आणि जाता जाता म्हणाली, “विहीणबाई, राग मानू नका, पण ह्या घाणीत आम्ही बाळ-बाळंतीण ठेवणार नाही. बाळंतपण आमच्याकडंच करू.” लेकीचं पहिलं बाळंतपण आई असून सासरी, ही काकूंना शिवी होती. आणि खरं सांगायचं तर सासूचं चुकलं नव्हतं.

वैजूसाठी म्हणून काकूंनी जुन्या लुगड्यांची नवी वाकळ शिवली होती. ती कोनाड्यात उंच ठेवलेली, म्हणून वाचली. बाकीच्या सगळ्या भिजल्या. काकू टपरीवरनं परत गेल्या आणि दाराशेजारच्या धुण्याच्या दगडावर एक वाकळ आपटायला लागल्या. प्रत्येक दणक्याला काळं पाणी उडायचं. एक शिंतोडा साहेबांच्या पँटवर आला. साहेबांनी दोन बोटांनी पँट उचलून धरली, जशी मेलेली पाल धरतात तशी.

तेव्हा मला राहवलं नाही. माझी एक खोड आहे, माणूस नाक दाबून उभा दिसला की त्याचं नाक उघडायला लावायचं.

“साहेब,” मी म्हणालो, “हा रस्ता तुम्हीच खरवडणार. अर्ज नाही, मोर्चा नाही, आमदाराचा फोन नाही. तुमचीच मशीन, तुमचीच माणसं, आणि वर तुम्ही स्वतः उभे.”

साहेब एवढे हसले की पान घशात गेलं. त्यावरच ते वाकळांचं बोलले.

“आणि नाही खरवडला तर?” सिकंदरनं विचारलं. त्याला असल्या गोष्टी नीट ठरलेल्या लागतात.

“तर हा मध्या,” साहेब म्हणाले, “ह्या गटारीच्या काठावर पाट मांडून बसेल. पाय आत सोडून. आणि पुरणपोळी खाईल. दूध-तूप घालून.”

मी गटारीकडं बघितलं. एक फुगलेली घूस पोट वर करून निवांत चालली होती.

“खाईन,” मी म्हणालो. “थर पडायच्या आधी साहेबांनी खरवडला नाही तर खाईन.”

“सिकंदर, ऐकलंस ना?”

“ऐकलं. पण साहेब, शब्द बदलायचा नाही. मध्या पण नाही, तुम्ही पण नाही.”

साहेबांनी माझ्या हातावर टाळी दिली आणि तोच हात लगेच रुमालाला पुसला.

दुसऱ्या दिवशी मी बापूसाहेब खडतऱ्यांच्या बंगल्यावर गेलो. बापूसाहेब नगराध्यक्ष, आणि दादासाहेब म्हणजे त्यांचे वडील. पुण्यतिथीचा मंडप दरवर्षी माझाच असतो, त्यामुळं मला बंगल्यात कुणी अडवत नाही. बापूसाहेब झोपाळ्यावर बसून पायाला तेल लावून घेत होते. चांगला माणूस म्हणवत नाही आणि वाईटही म्हणवत नाही. गल्लीत गुडघाभर गटार असली तरी त्यांना काही व्हायचं नाही, पण बापाच्या फोटोवर धूळ दिसली की अंगावर यायचे.

“स्टेज किती मोठं?” मी विचारलं.

“मागच्यासारखंच.”

“आणि हार? फोटोला घालायचा, का कोनशिलेला?”

“कुठली कोनशिला?”

“दादासाहेबांच्या नावाची. रस्त्याला नाव दिलं तेव्हा बसवली होती की. कार्यक्रम तिथंच आहे, मग लोक विचारणार, कोनशिला कुठं आहे. म्हणून आधी मंडपवाल्यानं विचारलेलं बरं. त्या हिशेबानं खांब रोवतो.”

बापूसाहेबांचा झोपाळा थांबला. तेल लावणारा पण थांबला.

“टोणग्याला फोन लाव.”

फोन स्पीकरवर होता. माझ्या धंद्यात स्पीकरचं महत्त्व मला कळतं.

“टोणगे, आमच्या वडिलांची कोनशिला कुठं आहे?”

“आहे ना साहेब. जागेवर.”

“जागा कुठली?”

“म्हणजे... रस्त्याच्या कडेलाच. सध्या थोडी खालच्या बाजूला आहे.”

“खालच्या म्हणजे?”

“रस्त्याच्या खाली, साहेब. तांत्रिकदृष्ट्या ती सुरक्षित आहे.”

बापूसाहेबांनी पाय खाली सोडले. आवाज अजिबात चढवला नाही, त्यामुळं मलाच घाम फुटला. “म्हणजे माझ्या बापावर डांबर ओतलंस.”

“साहेब, तसं नाही...”

“आणि वरनं रोज डुकरं फिरतात.”

आमच्या गल्लीत डुकरं फिरत नाहीत असं म्हणायला टोणग्याची सुद्धा जीभ रेटेना.

“पुण्यतिथीच्या आत कोनशिला वर पाहिजे. धुऊन, पुसून. नाहीतर तू खाली जाशील.”

मी बंगल्यातनं निघालो तो चपला हातात घेऊन. हसू दाबायचं तर पाय वाजवून चालत नाही.

ब्रेकरचं मशीन आणि जेसीबी गल्लीत शिरले तेव्हा पोरंसोरं, कुत्री, बायका सगळे दारात. टोणगे साहेब डोक्यावर पिवळी टोपी घालून आले होते. ती टोपी आम्ही पहिल्यांदा बघत होतो. त्यांनी गल्लीच्या तोंडाजवळच्या कोपऱ्यावर काठी टेकवली. “इथं असेल. एवढंच फोडा.”

फोडलं. खाली डांबर, त्याच्याखाली डांबर, त्याच्याखाली खडी आणि त्याच्याखाली आणखी डांबर. कोनशिला नाही.

“कुणाला आठवतंय का कुठं होती?” साहेबांनी घाम पुसत विचारलं.

आता हे त्यांनी विचारायला नको होतं. गल्लीतल्या प्रत्येक माणसाला आठवत होतं.

“आमच्या दारात होती साहेब. माझा बाप तिच्यावर बसून दाढी करायचा.” हा न्हाव्यांचा तुकाराम.

“त्याच्या दारात कशी असंल? आमच्या पायरीला लागून होती.” ही त्याची शेजारीण. “मी तिच्यावर कुरडया वाळवल्यात.”

सिकंदरच्या म्हाताऱ्या आईला डोळ्यानं दिसायचं नाही. ती सुद्धा आतनं ओरडली, “टपरीच्या पुढं होती रं. मी रोज बघत होते.”

मी कुणालाच काही शिकवलं नव्हतं. फक्त आदल्या संध्याकाळी घराघरात एवढंच सांगून आलो होतो की साहेब कोनशिला शोधणार आहेत, ज्याच्या दारात असंल त्याच्या दारापुढचा रस्ता उकरतील. पिंपळवेढ्याच्या माणसाला ह्यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही.

साहेब एकेक दार करत पुढं सरकले. मशीन दणदण करत होतं आणि रस्त्याचे पापुद्रे निघत होते, जुन्या जखमेवरची खपली निघावी तसे. प्रत्येक थराचा आपला वास होता. वरचा रॉकेलचा. मधला कुजलेल्या चिंध्यांचा. एका ठिकाणी ब्रेकर घुसला आणि खालनं ‘फस्स’ करून हवा आली. दडपलेलं चेंबर सापडलं होतं. कितीतरी वर्षांची घाण एका जागी बसून घट्ट झाली होती, शिळ्या खरवसासारखी. वड्या पडतील अशी. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, केसांचे गुंते, एका बाहुलीचं मुंडकं, आणि मधोमध साहेबांच्याच खात्याची लोखंडी पाटी: ‘काम चालू आहे’.

जेसीबीवाला उतरला आणि कडेला जाऊन ओकला. साहेबांचा रुमाल आता नाकाला पुरेना, त्यांनी तोंडाला उपरणं गुंडाळलं. एक पाय चेंबरच्या कडेवर ठेवायला गेले आणि घोट्यापर्यंत आत. बूट आत राहिला, पाय बाहेर आला. मोजा गळत होता.

“साहेब, पाहणी गॅलरीतनं केली असती तर बरं झालं असतं,” मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तेव्हा त्यांच्या डोक्यात पैज पहिल्यांदा आली असावी. खरवडलेल्या रस्त्याच्या मधोमध, स्वतःच्या मशीनपाशी, एका बुटावर उभे होते ते. तोंड वाकडं झालं. पण थांबणार कसे? थांबले असते तर बापूसाहेब होते.

संध्याकाळपर्यंत गल्लीच्या ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत रस्ता निघाला. वासापायी खात्याला चेंबर उपसावंच लागलं, आणि गटार कितीतरी वर्षांनी जिकडं जायला पाहिजे तिकडं वाहायला लागली. आणि द्रौपदाकाकूंच्या दारापुढं मातीतनं पायऱ्या वर आल्या. काळ्या दगडाच्या, कडा झिजलेल्या. काकू खाली उतरल्या आणि पुन्हा चढल्या. मग परत उतरल्या.

कोनशिला मात्र सापडली नाही.

पुण्यतिथी जवळ आली होती, रस्ता उघडा पडलेला. साहेबांना थरावर थर द्यायला आता वेळही नव्हता आणि खाली थरही नव्हता. मिळेल ते सामान आणून त्यांनी तळावरच डांबराचा एक पातळ हात ओढून घेतला. गल्ली कधी नव्हे ती खाली गेली आणि घरं वर आली.

कोनशिलेचं काय केलं ते मला दगडवाल्यानं सांगितलं. त्याच्याकडं मी मयताचं सामान द्यायला गेलो होतो. साहेबांनी त्याच्याकडनं नवी पाटी कोरून घेतली होती, संगमरवरी. आणि त्याला बजावलं होतं, ‘जुनी दिसली पाहिजे.’ म्हणून तो बिचारा चहाची पावडर उकळून ते पाणी तिच्यावर ओतत बसला होता, आणि कानशीनं कडा झिजवत होता.

मला खूप घाणी माहीत आहेत. मयतातल्या, लग्नातल्या पंगतीमागच्या, प्रचारसभेनंतरच्या मैदानावरच्या. पण त्या चहाच्या पाण्याचा वास मला चेंबरपेक्षा वाईट वाटला. चेंबरला निदान आपण काय आहोत ते लपवायचं नव्हतं.

पुण्यतिथीला चौक भरला. बापूसाहेबांनी चहात बुडवलेल्या दगडाला हार घातला, डोळे पुसले, आणि म्हणाले, “दादासाहेबांच्या काळातला दगड आहे हा. अजून तसाच आहे.” टोणगे साहेब मागं हात बांधून उभे. अंगाला अत्तर लावलेलं. भाषणात बापूसाहेबांनी त्यांचं नाव घेतलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंची विहीण वैजूला घेऊन आलेली, पायऱ्यांवर उभी राहून गल्लीकडं बघत होती. वास घेत होती, पण वास नव्हता. म्हणून तिला काही सुचत नव्हतं.

माईक माझा होता. भाषणं संपली, आभार झाले, आणि मी माईक बंद करायच्या ऐवजी हातात घेतला.

“एक छोटी सूचना. टोणगे साहेबांनी गल्लीला शब्द दिला होता. रस्ता खरवडला तर सगळ्या ओल्या वाकळा ते स्वतः धुणार. चौकातल्या नळावर. साहेब शब्दाचे पक्के आहेत.”

लोक हसायला लागले. साहेबांचा चेहरा पडला. “अरे, ती थट्टा होती.”

“सिकंदर, थट्टा होती का रे?”

“टाळी दिलेली साहेबांनी,” सिकंदर टपरीतनं म्हणाला. “मी बघितली. हात पुसला ते पण बघितलं.”

बापूसाहेब खूश होते. बापाला हार घातलेला, टाळ्या मिळालेल्या. “शब्द दिला असेल तर पाळा, टोणगे. खात्याची इज्जत आहे. धुवा की चार वाकळा.”

आता नाही म्हणायचं कुणाला? साहेबांनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि नळापाशी आले. बायकांनी घराघरातनं वाकळा आणून टाकल्या. गटारीच्या पाण्यात भिजून, उन्हात वाळून पापडासारख्या झालेल्या. हात लावला की आवाज यायचा. नळाचा कट्टा साहेबांच्याच जेसीबीनं फोडलेला, म्हणून आपटायला दगड पाहिजे होता. मी आणि तुकारामनं द्रौपदाकाकूंच्या दाराशेजारचा धुण्याचा दगड उचलून आणला आणि नळाखाली ठेवला.

साहेब उकिडवे बसले. पहिली वाकळ भिजवली. पाणी काळं झालं. साहेबांनी तोंड फिरवून वाकळ दगडावर आपटली. दगड डुगडुगला. दुसऱ्यांदा आपटली, तेव्हा काळं पाणी उलटं येऊन तोंडावर बसलं. ओठावर काहीतरी चिकटलं ते त्यांनी खांद्यानं पुसलं.

“हा दगड हलतोय,” साहेब चिडून म्हणाले. “खालनं खडबडीत आहे. उलटा करा, म्हणजे नीट बसेल.”

“राहू दे ना साहेब,” मी म्हणालो.

“उलटा कर म्हणतो ना.”

साहेबांची आज्ञा. मी आणि तुकारामनं दगड उलटा केला. खाली चिखल लागला होता, नळाच्या धारेनं तो निघून गेला. आणि त्याखालनं अक्षरं वर आली. खोल कोरलेली, जुन्या वळणाची. ‘दादासाहेब खडतरे मार्ग’. त्याच्याखाली तारीख आणि उद्घाटकाचं नाव.

बापूसाहेब पुढं आले. त्यांनी ह्या दगडाकडं बघितलं, मग मागं वळून हार घातलेल्या दगडाकडं. पुन्हा ह्याच्याकडं. दादासाहेबांच्या नावावरनं वाकळेचं काळं पाणी ओघळत होतं.

“हा धुण्याचा दगड कुणाचा?” त्यांनी विचारलं.

हे सगळं मी हसत हसत जमवलं होतं, पण आता काकूंवर आलं.

काकू पायऱ्या उतरून आल्या. पदर नीट केला.

“माझा. म्हंजी तुमच्या वडलांचाच. पहिला थर टाकताना ह्यांच्या खात्याच्या मानसांनी उखडून गटारीत टाकला हुता. चार दिस तिथंच पडला, वरनं काय काय वाहत गेलं. शेवटी आमच्या मालकांनी ह्या मधूला हाताशी घेऊन उचलून आनला. मालक म्हनले, मोठ्या मानसाचं नाव हाय, वर ठिवलं तर पाय लागंल. म्हनून नाव खाली केलं. तवापासनं रोज साबनाचं पानी पडतंय त्याच्यावर. नावावर घानीचा एक थेंब पडू दिला न्हाई. आज पडला, तो ह्यांच्या हातनं.”

बापूसाहेबांनी मान हलवली. मग टोणग्यांकडं वळले. “मग ती तिकडची कुणाची?”

साहेबांच्या हातात ओली वाकळ होती. तिच्यातनं टप टप गळत होतं. “साहेब, ती... तांत्रिकदृष्ट्या प्रतिकृती.”

बापूसाहेब संगमरवरी दगडापाशी गेले. एक बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. पिंपळवेढ्याच्या नगराध्यक्षांनी भरचौकात चहा ओळखला.

“ह्याच्यापुढं मी रडलो,” ते म्हणाले. हार काढून त्यांनी जुन्या दगडावर ठेवला, मग माणसांना सांगून तो दगड पुसून गाडीत घातला. जाताना टोणग्यांकडं बघितलं सुद्धा नाही. “धुवा,” एवढंच म्हणाले. “सगळ्या धुवा. उद्या सकाळी केबिनला या.”

गाडी गेली. काकू म्हणाल्या, “आता मी धुनं कशावर धुवू?”

“ही घ्या की,” मी म्हणालो, आणि चहातली कोनशिला उचलून, नाव खाली करून, नळाखाली ठेवली. “गुळगुळीत आहे. कपडा फाटायचा नाही. साहेबांनी खास करून घेतलीय.”

उरलेल्या सगळ्या वाकळा साहेबांनी तिच्यावर धुतल्या. प्रत्येक आपटण्यासरशी चहाचा रंग थोडा थोडा सुटत गेला आणि खालनं नवा, पांढरा दगड दिसायला लागला. वास कसा होता विचारू नका. साहेबांचा रुमाल खिशातच राहिला, कारण दोन्ही हात बरबटलेले, आणि त्या हातांनी नाक धरायची त्यांची छाती नव्हती. गल्ली उभी राहून बघत होती. सुरुवातीला हसत होती. मग हसणं पण बंद झालं. शेवटी शेवटी लोकांना ते बघवेना, पण जागा सोडवेना.

ढीग संपला. साहेब उठले, कंबर सरळ केली. वैजू आईच्या दारात, पायरीवर बसली होती. मांडीवर ती नवी वाकळ, बाळासाठी शिवलेली. साहेबांना वाटलं असावं, शेवट गोड करावा. ते ओले हात पुढं करून म्हणाले, “द्या, ती पण देतो धुवून.”

काकूंनी वाकळ पोरीच्या मांडीवरनं उचलली आणि छातीशी धरली.

“ही नको,” त्या म्हणाल्या. “हिला तुमचा हात नको लागायला.”

आणि वैजूच्या दंडाला धरून तिला घरात घेऊन गेल्या. साहेब नळापाशी तसेच उभे. काळं पाणी त्यांच्या कोपरावरनं गळत होतं, आणि मोकळी झालेली गटार ते मुकाट्यानं पुढं वाहून नेत होती.